मारबत काळी कायले?

आमगाव,
२६ ऑगस्ट १९४४

नंदाबाईंच्या दादांना दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे सारे खुशाल. तुमची तब्येत, कापडाचं दुकान, सासूबाईंचा दमा कसा आहे ते कळवावं. धानाची रोवणी आटोपली, बाबांच्या शेतातल्या बांधीत पाणी भरपूर आहे. आईचा गुडघा दुखतो म्हणून माझं येणं लांबलं, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. गुडघा आता बरा आहे. तरी मी आले नाही, आणि तुम्ही तिसऱ्यांदा विचारलं, कधी येतेस. सांगते. पण आधी पोळ्याची हकिकत ऐका.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी दरवर्षीसारखी मारबत काढली. धानाच्या वाळक्या तणसाची बाई, अंगभर काजळी फासलेली. "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत!" करत पोरं तिला शिवेवर जाळायला निघाली. शिवेची वाट रेल्वेच्या फाटकातून जाते, आणि फाटकाजवळच फौजेची गाडी इंजिन बिघडून उभी होती. डब्यांत सारे अमेरिकेचे काळे शिपाई. काळे म्हणजे माझ्याहूनही काळे, बरं का! आई म्हणाली, "पाह्य बाई, तुह्यावर मात करणारे आले."

पोरांच्या हातात पेटते टेंभे. "जाळा रे, जाळा!" ओरडून राहिली होती. खिडक्यांतले शिपाई आधी हसत होते, मग एकेक करून मागे सरले. दारातला एक उंच शिपाई तर दांडी घट्ट धरून उभा राहिला. ते तोंड मला ओळखीचं वाटलं. चारचौघं आपल्यावर हसतात तेव्हा माझंही तसंच होतं. पण त्याचं त्याहून वाईट होतं. त्याला भीती वाटत होती.

आमचा उदाभाऊ स्टेशनात बाबू आहे, त्याला इंग्रजी येतं. शिपायानं त्याला विचारलं, "कोणाला जाळता?" त्याच्या मुलुखात काळ्या माणसाला असंच ओरडत, मिरवत जाळलंय म्हणे. त्याच्या सख्ख्या मामाला जाळलं, तेव्हा लोक लेकरंबाळं घेऊन पाहायला आले होते. ऐकून उदाभाऊचा चेहराच उतरला. मी पदर सावरला आणि सरळ पुढे गेले. आई मागून, "अवो, कोठी चालली?" मी भावाला म्हटलं, "सांग त्याले, माणूस नाही जाळत आम्ही. रोगराई जाळतो, ईडापिडा जाळतो."

त्यानं सांगितलं. शिपाई हसला, मान हलवली. मग काहीतरी हळूच विचारलं. उदाभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तो इचारते, मग ते काळी कायले?"

मी वळले आणि पोरांना टेंभे विझवायला लावले.

दुसरं इंजिन यायला दुपार झाली. तोवर त्यानं, त्याचं नाव वॉल्टर, पेटीतून फुंकायचा पितळी बाजा काढून वाजवला. पोरं मारबत बांधावर टाकून ऐकत बसली. आमच्या दंडारीच्या खेळातले ढोलकीवालेही पळत आले आणि लागले साथ द्यायला. काय रंगलं म्हणून सांगू! मधेमधे तो सांगे, उदाभाऊ समजावी. त्याची आजी लहानपणी बाजारात विकली गेली होती, बैल विकतात तशी. आजही फौजेत गोऱ्यांची पलटण वेगळी, यांची वेगळी. पण त्यांच्यातल्याच एकानं जर्मनीत हिटलरच्या देखत धावण्या-उडीची चार सोन्याची पदकं जिंकली. रेल्वेतल्या काळ्या नोकरांनी राजधानीवर मोर्चा नेऊ म्हणून दम दिला, तेव्हा सरकारला लढाईच्या कारखान्यांची दारं त्यांना उघडावी लागली. आणि त्यांच्यातली एक मोठी गाणारी. काळी म्हणून तिला सभागृह दिलं नाही. ती उघड्यावर, दगडी पायऱ्यांवर उभी राहून गायली. पाऊण लाख माणूस ऐकायला!

मी विचारलं, "त्या बाईनं तोंडाला काही लावलं होतं का? पावडर?" वॉल्टर खदखदून हसला. नाही म्हणाला.

आता माझं ऐका. नंदाबाईंच्या साखरपुड्यात सासूबाईंनी मला पावडर फासून मागच्या खोलीत बसवलं. व्याह्यांकडची बाई पाणी प्यायला तिथं आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ही आमची मारबत." सारे हसले. त्यांचं मला काही वाटलं नाही. दारात उभे राहून तुम्ही हसलात, ते लागलं. गोंदियाच्या बाजारात खादी घालून गोऱ्यांना चले जाव म्हणता आणि घरात बायको मात्र गोरी पाहिजे! राग आला तर येऊ द्या. मला दोन महिन्यांपासून येऊन राहिला आहे.

ती मारबत जळलीच नाही. बांधावर भिजत पडली आहे. यंदा गावात ताप आला तर माझ्या नावानं बोटं मोडतील. मोडू देत.

मला तिसरा महिना आहे. हे कोणालाच लिहिलं नव्हतं. लेकरू माझ्यावर गेलं तर त्याला तुमच्या घरात काय म्हणतील, हाच घोर लागला आहे. ते मागच्या खोलीत वाढणार असेल, तर मी इथंच बरी. बाबांना विचारलं, ते हो म्हणाले.

तरी तुमची वाट पाहते. खोटं कशाला बोलू, तुमच्यावर जीव आहे. न्यायला याल तर सकाळच्या गाडीनं या. लग्नात मला दिवे लागल्यावर, पडदा लावलेल्या बैलांच्या रेंगीतून घरी नेलं होतं. यावेळी गोंदियाच्या स्टेशनापासून घरापर्यंत भरबाजारातून पायी जाऊ, दोघं बरोबरीनं. आणि पोचलो की सासूबाईंनी मला दारात ओवाळावं.

इथं आलात की घराच्या फाटकातून हाक मारा. माझं नाव सावळं म्हणून लग्नात तुम्ही ते बदलून गौरा ठेवलं. त्या नावानं हाक माराल तर कोणी ओ देणार नाही. इथं त्या नावाची कोणी राहत नाही.

हाकेची वाट पाहणारी, तुमचीच,

शामकला