एकोणसाठ पॉइंट नऊ

चि. श्रावस्ती हिस,

तात्यामामाचा सप्रेम जय भीम आणि ओंजळभर आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझे डोळे (दिवसभर संगणकात परदेशातल्या लोकांची दुखणी बघून लाल होतात म्हणे) आणि हैदराबादचं ते तिखट जेवण सोसणारं तुझं पोट, सगळं ठीक असेलच. इकडं तुझी मामी, तुझा मामेभाऊ राजपाल आणि दोन्ही म्हशी खुशाल आहेत. मीही खुशाल आहे. हे वाक्य लिहिताना इतकं बरं वाटलं की पुन्हा लिहितो: मी खुशाल आहे. खरं तर फोनच केला असता, पण स्पीकर लावल्याशिवाय फोन लागला असं तुझ्या मामीला वाटतच नाही, आणि काही गोष्टी स्पीकरवर बोलण्यासारख्या नसतात.

तुझ्या कानावर या प्रकरणाचा मधलाच भाग गेला, म्हणून पहिल्यापासून सांगतो. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, पण जातही नव्हती. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी मान चाचपली, रक्त घेतलं आणि कागद दिला. ते बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होते, पण माझं लक्ष कागदावरच्या 'आर ५९.०' वर खिळलेलं. दूध संकलन केंद्रावर सचिव म्हणून जन्म गेलेला माणूस मी. आकड्यात पॉइंट दिसला की तो यंत्रानं मोजलेलाच, ही माझी पक्की समजूत. म्हशीचं दूध घातलं की फॅट सहा पॉइंट पाच निघते, तसं माझं रक्त घातलं आणि रोग निघाला एकोणसाठ. (घरी येऊन मी तुझ्या मामीला, बनाबाईला, धीरही दिला, की शंभराला अजून एकेचाळीस बाकी आहेत.)

पुढच्या आठवड्यात गाठीत सुई घालून तपासणी केली. तिथल्या टेबलावरच्या माणसानं नवा कागद दिला, त्यावर 'आर ५९.९'. श्रावस्ती, आमच्याकडं पॉइंट एकनं फॅट कमी भरली तरी लोक किटली आपटतात, आणि इथं आठवड्यात पॉइंट नऊ चढला होता! साठाला आता एकच पॉइंट उरलेला. शंभरापर्यंत कोण थांबतंय, नोकरीतसुद्धा साठीला घरीच पाठवतात. आमचे चेअरमन गुंडप्पा यांच्या पित्ताशयातल्या खड्यांच्या कागदावर ऐंशीचा आकडा होता आणि ते रोज भजी खात होते, यावरून तरी मला शहाणपण यायला हवं होतं. पण त्यांचं अक्षर 'के', माझं 'आर'. म्हटलं, गाईची आणि म्हशीची फॅट एका मापानं कशी मोजणार?

मग मी आवराआवर सुरू केली. केंद्राच्या किल्ल्या राजपालच्या हातात दिल्या. गुंडप्पांना माफ केलं (कशाबद्दल ते त्यांनी विचारलं, मलाही नीट आठवेना). शेजारचा लिंबाजी पेढे घेऊन भेटायला आला आणि बोलता बोलता त्यानंच ते संपवले. संध्याकाळी बनाबाई गोठ्यात धार काढत होती. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि म्हणालो, "बने, तू व्हतीस म्हून माझं निभलं. म्या कधी बोललो न्हाय, पर तुझ्यासारखं मानूस मला दुसरं घावलं नसतं." (पुढच्या जन्माचंही म्हणणार होतो, पण आपण ते मानत नाही, म्हणून सगळं याच जन्मात उरकावं लागलं.) तिनं पदर डोळ्यांना लावला आणि धार काढत राहिली.

त्यानंतर राजपालनं तुला फोन लावला. तू हसली नाहीस, हे तुझे पहिले उपकार. हे माप नाही, दुखण्याचं नाव आहे, आणि दुखण्यांना असली कोडं लावणं हेच तुझं रोजचं काम, असं तू सांगितलंस. 'आर'च्या कोडात नुसती दिसणारी लक्षणं असतात, कारण सापडायच्या आधीची. पॉइंट शून्य म्हणजे सूज एकाच जागी, आणि पॉइंट नऊ म्हणजे सूज कुठं आहे ते लिहिणाऱ्यानं लिहिलंच नाही. म्हणजे त्या भल्या माणसाच्या कंटाळ्यापायी मी मरणाच्या दारात जाऊन बसलो होतो. मग तू विचारलंस, "मामा, गाठ कशामुळं आली म्हणाले डॉक्टर?" हे मी विचारलंच नव्हतं. तू रागावून मला परत पाठवलंस, हे दुसरे उपकार.

सुईचा रिपोर्ट साफ निघाला. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, तर मागची दाढ मुळापर्यंत किडून पू झालेला. दाढ काढली, औषध घेतलं, गाठ हळूहळू विरघळून गेली. घरच्या माणसाचे आभार मानू नयेत म्हणतात, पण मी मानतो. पोरी, तू त्या दिवशी फोन उचलला नसतास, तर मी नुसत्या भीतीनंच साठ गाठले असते. तू जे काम करतेस त्यानं तुझ्या मामाला झोप परत दिली.

तुझा,
तात्यामामा

ता. क. : आता खरं काम. गोठ्यातलं माझं बोलणं बनाबाई रोज सकाळी दुधाच्या रांगेत सगळ्यांना ऐकवते. लोक फॅट बघायची सोडून माझ्याकडं बघतात. तेव्हा तू तिला फोन करून एवढंच सांग, की पॉइंट नऊचा रोगी काहीही बडबडतो, त्याचं बोलणं धरायचं नसतं. तुझा शब्द ती मानते.

आणखी ता. क. : पाकीट डकवायला डिंक आणायला गेलो, तेवढ्यात बनाबाईनं पत्र वाचलं. म्हणाली, "बोलल्यालं माघारी घ्यायचं आसंल तर घ्या, पर आदी ती दाढ हाय तिथं बशीवून या." आणि चहा ठेवायला आत गेली. बराच वेळ झाला, चहा काही आला नाही. मी आत डोकावलो, तर ती चुलीपुढं पाठमोरी बसलेली, आणि पदर पुन्हा डोळ्यांना. तेव्हा पोरी, वरचा ताजा कलम रद्द. फोन मात्र कर, स्पीकरवरच कर, आणि तिला सांग की त्या संध्याकाळी मामा पुरता शुद्धीवर होता.