लीरू म्हणजे पुन्हा आली

४ फेब्रुवारी, मंगळवार

चिमणीला लीरू म्हणायचं! कुठल्या भाषेत? तर जी जगात कुणीच बोलत नाही, तिच्यात. नातीनं केलीय. बसल्या बसल्या, आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझी भाजीची परात बाजूला सारून.

तिच्या कंपनीचा काँप्युटरवरचा खेळ आहे. त्यात एल्फ नावाचे लोक असतात. लांब कान, जंगलात राहणारे, आणि मरत नाहीत. त्यांनी आपापसात काय बोलायचं ते ही ठरवते आणि त्याचा पगार घेते! मी म्हटलं, अगं, मी आयुष्यभर फुकट बोलले. सध्या पाखरांची नावं चालली आहेत. नुसतं नाव ठेवून भागत नाही म्हणे, ते कशावरून आलं तेही सांगावं लागतं. "आजी, शब्दालाही माहेर असतं." हे मला फार आवडलं. ली म्हणजे येणं, रू म्हणजे पुन्हा. लीरू – पुन्हा आली. एल्फ मरत नाहीत, हजारो वर्षं खिडकीत चिमणी बघतात, म्हणून त्यांना ती एकच चिमणी वाटते.

काहीतरीच! आपल्या खिडकीत येते तिच्या डाव्या पायाचं बोट वाकडं आहे. मी तिला लांबून ओळखते. ती ती आणि दुसरी ती दुसरी. नात म्हणाली, "तू एल्फ नाहीस ना." नाहीच मुळी. गुडघे बघ माझे.

हे खुर्चीत बसून ऐकत होते. ऐकतात सगळं. बोलत नाहीत.

५ फेब्रुवारी

काल एक गोष्ट लिहायची टाळली. बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. दर मंगळवारी येतात. गोड आहेत, आवाज चढवत नाहीत. कपाचं चित्र दाखवलं. हे म्हणाले, "शिडी." बाई म्हणाल्या, "पुन्हा एकदा." ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संपलं.

झटका आला तेव्हापासून असंच. हात सुधारला, पाय सुधारला, शब्द मात्र जागेवर नाहीत. मनात एक, तोंडातून भलतंच. आणि ह्यांना कळतं ते. तेच तर वाईट! दुकानांच्या पाट्या रंगवल्या जन्मभर. एका अक्षराची चूक नाही. कुणी चुकीचं लिहून आणलं तर शिडीवरून खाली उतरायचे – "आधी घरी जाऊन विचारून या, मग रंगवतो." केवढी भांडणं व्हायची! दुकानदारही शेवटी ऐकायचे. अशा माणसानं कपाला शिडी म्हणायचं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं ठरवलंय त्यांनी. मला सांगितलं नाही, पण मला कळतं. इतकी वर्षं मी काय नुसत्या पोळ्या लाटत होते?

बाई जाताना म्हणाल्या, बोलायचंच सोडलं तर उरलंसुरलंही जाईल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज काय झालं!

कठड्यावर कावळा आला. हे बघत होते. ओठ हलले. आणि म्हणाले, "ओंबा."

तोंड एवढंसं झालं लगेच. आता भिंतीकडे वळणार, तेवढ्यात नात ओरडली, "आबा! थांबा, पुन्हा म्हणू नका, मी लिहून घेते. ओंबा! मस्त शब्द आहे." टकटक टकटक लिहिलं. मग विचारात पडली. ओं म्हणजे काय असेल? बा म्हणजे काय असेल? मला वाटलं चेष्टा करतेय. नाही! अगदी गंभीर. थोड्या वेळानं म्हणाली, ओं म्हणजे हक्क, बा म्हणजे मागणारा. हक्कानं मागणारा. तेवढ्यात कावळा माझ्या हातातली पोळी मागायला लागला. हे बघत राहिले. कधी कावळ्याकडे, कधी नातीकडे.

तिथे चूक होऊच शकत नाही ना! कुणाला माहीत आहे बरोबर काय ते?

१३ फेब्रुवारी

कबुतर – थुमू. हेच म्हणाले, आपणहून! नातीनं माहेर शोधलं : थु म्हणजे जड, मू म्हणजे बसणं. "जाऊन बसला की न उठणारा."

मी म्हटलं, म्हणजे आपल्या विहीणबाई.

हे हसले. आवाज काढून हसले! चहा सांडला, सांडू दे.

घारीचं नाव फारच सुंदर झालंय. एश. एवढंच. नात म्हणाली, ह्याला फोडायचं नाही, हा मूळचाच आहे, सगळ्यांत जुना. मला घरातली मोठी माणसं आठवली, त्यांना कुणी विचारायचं नाही तुम्ही कशावरून आलात. आमच्या आत्याबाई अशाच होत्या. एकदा त्यांनी – जाऊ दे, पान संपेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंना सांगितलं नव्हतं. चोरी केल्यासारखं वाटत होतं. आज हेच खिडकीकडे बोट करून म्हणाले, "थुमू." बाई म्हणाल्या, काय म्हणाले? मग सगळं सांगावं लागलं, एल्फांच्या कानांसकट.

वाटलं रागावतील. नाही रागावल्या. म्हणाल्या, "बोलताहेत याचा मला आनंदच आहे. पण आजी, उद्या तुम्ही घरात नसाल, ह्यांना तहान लागली, तर काय मागणार? आपल्या भाषेतला एक शब्द हवा. एक तरी."

खरं आहे त्यांचं. मी उठून चहा टाकला.

नात नंतर म्हणाली, "आजी, मी चुकीचं करतेय का गं?" मी म्हटलं, तू तुझं काम कर.

२० फेब्रुवारी

दिवसभर ओंबा, थुमू, एश. पाणी नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

चिमणी काचेवर आपटली. धप्पकन. मी गॅलरीत गेले. वाकडं बोट.

ओंजळीत घेतली तर अजून गरम होती. वजनच नाही काही. कुंडीतली माती उकरून तिथे पुरली. हे दारात काठी टेकून उभे होते.

संध्याकाळी नात म्हणाली, नेमका हाच शब्द राहिलाय. खेळात एक चिमणी वेशीपाशी मरते, आणि एल्फांकडे मेलेल्या पाखराला शब्दच नाही. स्वतः मरत नाहीत म्हणून काय झालं, इतरांचं बघत असतीलच की. तिनं ह्यांना विचारलं, "आबा, काय म्हणायचं हो तिला?"

ह्यांनी मान हलवली. आडवी. मग भिंतीकडे वळले.



२५ फेब्रुवारी, मंगळवार

ओंबा येऊन ओरडून गेला, ह्यांनी बघितलं नाही. बाई आल्या, तशाच गेल्या. गेलं सगळं हातचं.

नात डोळे पुसत होती. "मी विचारायलाच नको होतं." मी म्हटलं, अगं वेडे, तू काय केलंस? चिमणीनं विचारलं होतं का काचेला?

२६ फेब्रुवारी

सावकाश लिहिते.

नातीला आज शब्द द्यायचाच होता. तिनं स्वतःच केला : लीनो. नो म्हणजे नाही. न येणारी. खुर्चीसमोर जमिनीवर बसली आणि हलक्या आवाजात ह्यांना वाचून दाखवला. दाखवायचं म्हणून. उत्तर येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. मी दुधापाशी उभी.

हे म्हणाले, "नको."

स्वच्छ! शिडीवरून म्हणायचे तसं. दुकानदाराला म्हणायचे तसं.

नात म्हणाली, "काय आबा?"

"नको. राहू दे." कपाळाची शीर फुगली. "लीरू... राहू दे."

दूध उतू गेलं. गॅसवर, ओट्यावर, खाली. मी हलले नाही.

नातीनं लीनो पुसला. कंपनीला कळवलं की एल्फ मेलेल्या चिमणीलाही लीरूच म्हणतात. वेगळी पाटी नाही तिला. कुणी विचारलं तर सांग म्हटलं, आमच्या पेंटरनं नकार दिलाय.

४ मार्च, मंगळवार

बाईंना सांगितलं तर त्याच रडल्या! मग डोळे पुसून पाण्याचा पेला पुढे केला. हे म्हणाले, "पायरी." आता वळतात भिंतीकडे.

नाही! हसायला लागले. स्वतःलाच. पेला हातात घेऊन पुन्हा म्हणाले, "पा... पायरी," आणि प्याले. बाई म्हणाल्या, अर्धं आलं की हो आजोबा!

मुलाला फोन केला, नातीच्या बापाला. तो म्हणाला, "आई, तू जरा हळू बोल, काहीच कळत नाहीये."

९ मार्च, रविवार

पाणी.

दुपारी, मला, झोपेतून हाक मारल्यासारखं. "अगं. पाणी." देताना माझ्याच हातून सांडलं निम्मं.

१७ मार्च

हे गेले. परवा पहाटे, झोपेत. घर माणसांनी भरलंय. सगळे विचारतात, शेवटी काही बोलले का? मी सांगते, हो, बोलायचे की.

नात कुंडीपाशी बसली होती. म्हणाली, "आजी, आपल्याकडे एवढे शब्द आहेत ना गेलेल्या माणसाला." मी म्हटलं, नको. राहू दे.

सकाळी खिडकीत चिमणी आली. पायाची बोटं सगळी सरळ.

तीच.