वाळूतला खरा आकडा

ऊडनाडाटा
५ मे १९९६

प्रिय लिन,

स. न. वि. वि. पत्र जरा मोठ्यानं वाच, म्हणजे तुला ऐकू येईल.

माझ्या नवऱ्याला, क्लाइव्हला जाऊन काल वर्ष झालं. नऊ वर्षं अंथरुणावर होता बिचारा, आणि त्या नऊ वर्षांत मी गावाच्या वेशीबाहेर फार तर दहा-बारा वेळा पडले असेन. आता सकाळी उठते, दोन कप चहा ओतते, आणि मग एक मोरीत रिकामा करते. यंदा ठरवलं की पुरे झालं. म्हणून मी गाडी घेतली आहे. हसू नकोस. फोर-व्हील-ड्राइव्ह, डिझेलवरची, हिरव्या रंगाची, माझ्यासारखीच उंचीपेक्षा रुंद.

जुलैत मी तुझ्याकडे येते. मरी गावावरून वळसा घालून नाही, सरळ वाळवंटातून. बासष्ट की त्रेसष्ट साली तू बुलडोझरनं तो रस्ता कापलास, तेव्हा परत आल्यावर म्हणाला होतास की आयव्हीला एकदा या रस्त्यानं नेईन. तेहतीस वर्षं झाली, दादा. आता माझी मीच येते.

कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय की ही गाडी शंभर किलोमीटरला अकरा लिटर खाते. माउंट डेअरच्या, वाळवंटाअलीकडच्या शेवटच्या पंपापासून तुझ्या दारापर्यंत पाचशे किलोमीटर, म्हणजे पंचावन्न लिटर. टाकी नव्वदची आहे. तुझ्या दारात उभी राहीन तेव्हा वर पस्तीस लिटर उरलेलं असेल!

तब्येतीचं खरं कळव. लोभ आहेच, तो वाढव म्हणायला आता तुझ्याजवळ कारण येतंय.

तुझी,
आयव्ही

बर्ड्सव्हिल
१९ मे १९९६

चि. आयव्ही हिला अ. उ. आ.

एकसष्टाव्या वर्षी ‘चिरंजीव’ म्हटलं म्हणून फुगू नकोस. पुस्तकावर विश्वास ठेवून वाळवंटात उतरणाऱ्या बाईला चिरंजीव राहण्याची फार गरज आहे.

अगं वेडे, तो अकराचा आकडा गुळगुळीत डांबरावरचा. गाडीत एकटा हडकुळा माणूस, डिकी रिकामी, वारा पाठीमागून. वाळूत त्या आकड्याची घडी घाल आणि चुलीत टाक. माझ्या रस्त्यावर अकराशे टेकड्या आहेत. प्रत्येक टेकडी गाडीला विचारते, की बाई, खाल्लंस काय?

मी सांगतो तसं कर. जे जे घेऊन येणार ते सगळं गाडीत भर: साठ लिटर पाणी, अंथरूण, खाणं, फावडं, तुझी ती लोखंडी किटली. टपावर काही बांधायचं नाही. चाकांतली हवा सोळा पौंडांवर आण. टाकी काठोकाठ भर, गावाबाहेरच्या मऊ वाळूत पन्नास किलोमीटर चालव, परत ये आणि पुन्हा काठोकाठ भर. दुसऱ्यांदा जेवढं मावलं त्याची दुप्पट, तो तुझा खरा आकडा. आणि जेवढं लागेल त्याच्या दीडपट जवळ ठेव.

तब्येत म्हणशील तर छाती कुरकुरते. नर्स नोला रोज येऊन कानाशी ओरडते, मी रोज मान हलवतो, दोघांचंही समाधान होतं. तिनं मला गाडी चालवायला बंदी केली आहे. चाळीस वर्षं बुलडोझर आणि ग्रेडर चालवलेल्या माणसाला!

ये. सावकाश ये, पण ये.

आशीर्वाद देणारा बहिरा,
लिन

ऊडनाडाटा
९ जून १९९६

प्रिय लिन,

स. न. वि. वि. तुझं पत्र पोहोचायला बारा दिवस लागले. आधी ॲडलेड, मग उलटं इकडे. एवढ्यात मी उंटावरून आले असते.

सांगितलंस तसं सगळं केलं. पंपावरच्या मुलीला वाटलं की म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. सकाळी टाकी भरली, दुपारी पुन्हा भरायला हजर. अकरा लिटर मावलं. पन्नास किलोमीटरला अकरा, म्हणजे शंभराला बावीस. बरोबर दुप्पट! मी पुस्तक घरी आणून कपाटाच्या लंगड्या पायाखाली घातलं. निदान तिथं तरी ते भार पेलील.

तर आता हिशेब असा: एकशे दहा लागणार, दीडपट म्हणजे एकशे पासष्ट. टाकीत नव्वद आणि वीस-वीसचे चार डबे. पुरतं की नाही, मास्तर?

नऊ जुलैला पंपावरून निघते. अकराला संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे. खारं बीफ आणतेय, आणि मनुका घातलेला तो केक, जो तू आईच्या हातून चोरायचास. लिन, अकरा वर्षं झाली रे तुला बघून. फोटोत केस पांढरे दिसतात ते खरे पांढरे आहेत की फोटोच पांढरा पडला?

तुझी,
आयव्ही

बर्ड्सव्हिल
२१ जून १९९६

चि. आयव्हीस आशीर्वाद, आणि एक हुकूम.

दीडशे किलोमीटर झाले की थांब. चहा कर. मग किती जळलं ते मोज. चाळीस लिटरच्या आत असेल तर पुढे ये. त्याच्या वर एक थेंब जरी गेला तरी तोंड फिरव आणि परत जा. पूर्वेकडे टेकड्या उंच होत जातात, कमी नाही. तिथं बसून मनाशी घासाघीस करायची नाही. मी या रस्त्यावर दोन माणसं उचलली आहेत, आयव्ही, जी चाळीस किलोमीटरसाठी घासाघीस करत बसली होती. त्यातला एक अजून उबदार होता. यापुढे विचारू नकोस.

केस खरेच पांढरे आहेत.

लिन

पहिल्या थांब्यावरून
१० जुलै १९९६

प्रिय लिन,

हे बॉनेटवर कागद ठेवून लिहितेय. दीडशे किलोमीटर झाले. एक्कावन्न लिटर गेलं.

पुढं गेलेल्या सहा-सात गाड्यांनी टेकड्यांचे माथे उकरून पिठासारखे करून ठेवले आहेत. पाऊस नाही, समोरून वारा. एकेका टेकडीला तीन तीनदा मागं येऊन पुन्हा जोर घ्यावा लागला. शंभराला चौतीस, लिन. जवळ एकशे एकोणीस उरलं आहे. साडेतीनशे किलोमीटरला चौतीसच्या दरानं किती लागतं ते मी चार वेळा काढलं. एकशे एकोणीस. बरोबर एकशे एकोणीसच. कागदावर मी तुझ्या दारात पोहोचते आणि इंजिन तिथंच बंद पडतं.

दोनदा गाडी पूर्वेकडे तोंड करून सुरू केली. दोनदा बंद केली. तू सांगितलेला तो उबदार माणूस डोळ्यांपुढून हलत नव्हता.

वायरलेसवरून तुमच्याकडच्या पोलिसाला सांगितलं की परत फिरतेय, लिनला कागदावर लिहून द्या. केक इथंच कापला. एक तुकडा खाल्ला, बाकीचा गुंडाळून ठेवला.

पूर्वेला टेकड्यांच्या मागं टेकड्या दिसतात. त्या सगळ्यांच्या मागं तू आहेस. कधी नव्हे ती इतकी जवळ आले होते.

आयव्ही

बर्ड्सव्हिल
२५ जुलै १९९६

माझ्या शहाण्या आयव्हीला, पोटभर आशीर्वाद.

अकरा तारखेला दुपारीच नोलाला म्हटलं, मला गावाबाहेरच्या त्या शेवटच्या मोठ्या टेकडीवर नेऊन सोड. खुर्ची घेऊन माथ्यावर बसलो. टेकडीपलीकडून दिसावा म्हणून गाडीवर लावतात त्या झेंड्याचं टोक आधी दिसणार, मग टप, मग तू, असा विचार करत होतो. तेवढ्यात पोलीस चढून वर आला आणि आदल्या दिवशी लिहून घेतलेला कागद पुढं केला. वाचून मी त्याला शिव्या दिल्या. तो गेल्यावर रडलो. आनंदानं रडलो की कशानं, ते सांगता येत नाही. तू परत फिरलीस म्हणून तू आहेस.

आता नीट वाच. तुला आधी लिहिलं नव्हतं. अठ्ठावीस ऑगस्टला मला विमानानं तूवूम्बाला नेणार आहेत, म्हाताऱ्यांच्या घरात. हृदयाचा डॉक्टर तिथं जवळ आहे. तिकडून मी परत येणं नाही. नोलानं हे माझ्या कानात ओरडून नाही, शेजारी बसून हळू सांगितलं. मला ओठांवरून सगळं कळलं.

तू वळसा घालून येशील म्हणशील. येऊ शकतेस. पण मला तुला माझा रस्ता दाखवायचा आहे, आणि आता मला वेळ उरला नाही म्हणून मी हट्टी झालो आहे. म्हणून असं ठरवलं आहे. तीन राज्यांच्या सीमा मिळतात तिथं एक खांब आहे, माहीत आहे ना? तुझ्या पंपापासून तीनशे तीस, माझ्याकडून एकशे सत्तर. चौतीसच्या दरानंही तू तिथवर येतेस, आणि जवळ पन्नासाच्या वर उरतं. नोलाच्या गाडीला दोन टाक्या आहेत. ती मला आणि तुझ्यासाठी साठ लिटर डिझेल घेऊन तिथं येईल. आमच्या बाजूनं चढण उभी, शंभराला छत्तीस तरी खाईल, पण ते आम्ही मोजून ठेवलं आहे. सतरा ऑगस्टला दुपारी. तुझी गाडी अठरापर्यंत दिसली नाही तर नोला वायरलेसवर आरडाओरडा करेल. तिला त्याची सवय आहे.

मनुकांचा केक आण. या वेळी कापू नकोस.

लिन

ऊडनाडाटा
८ सप्टेंबर १९९६

प्रिय लिन,

स. न. वि. वि. तूवूम्बाच्या पत्त्यावर हे पहिलंच पत्र. खोलीला खिडकी आहे का? जेवणात मीठ घालतात का? नोलानं लिहिलं की विमानात बसताना तू पायलटला टायरची हवा विचारलीस. तिला मेलं हसू आवरेना.

मी मरीच्या रस्त्यानं घरी आले. एकटीला वाळवंट परत ओलांडायचं मन झालं नाही.

एक गोष्ट समोरासमोर बोलता आली नाही, म्हणून लिहितेय. त्या खांबापाशी तू गाडीतून उतरलास, आणि मी आधी म्हटलं की किती बारीक झालास, आणि तू म्हणालास की गाडीचा आकडा किती आला. मी एकतीस म्हटलं, तर तू मान डोलावलीस, जणू काही मी तुला नातवंडाचा फोटो दाखवला. मग तुला मी मिठी मारली, आणि तुझ्या सदऱ्याला डिझेलचा वास येत होता, चाळीस वर्षांपूर्वी यायचा तसाच.

नोला पुढं निघून गेली आणि तू माझ्या शेजारी बसलास. एकशे सत्तर किलोमीटर. वाळू रात्रीच्या दवानं घट्ट झाली होती, वारा पडला होता. मनात आणलं असतं तर एका दिवसात तुझं घर गाठता आलं असतं. मी दोन दिवस लावले. जिथं तिसरा गिअर चालला असता तिथं दुसरा लावला. टेकडी सरळ चढण्याजोगी असताना तिच्या शेपटीला वळसा घातला. तुला सांगितलं की गाडी तापली, म्हणून थांबू. गाडी तापली नव्हती. घरी पोहोचल्यावर मोजलं, तर शंभराला एकेचाळीस. आजवरचा सगळ्यात वाईट आकडा.

मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की डिझेल आणखी जळावं. तू झोपला होतास, म्हणून तुला ठाऊक नाही.

तुझी,
आयव्ही

तूवूम्बा
१८ सप्टेंबर १९९६

चि. आयव्ही हिला आशीर्वाद, वाकड्या अक्षरात.

खिडकी आहे. मीठ नाही.

मी झोपलो नव्हतो. दुसऱ्याच टेकडीला मला कळलं. कान गेले तरी तळपायांना गिअर कळतो. डॅशबोर्डवर हात ठेवला होता तो उगाच नाही. पहिल्यांदा वाटलं तुला सांगावं, की बाई, तिसरा टाक. मग डोळे मिटून घेतले. मी जागा दिसलो असतो, तर तुला लाज वाटून तू भरभर चालवलं असतंस.

लोभ ठेव.

लिन