घरातलं घरातच फिरणार

१६ जानेवारी १९९७, गुरुवार

आणि वर शोभाबाई हसते. त्यात हसायचं काय? गॅस एजन्सीचा माणूस आला. म्हणे ताराबाई, इतक्या वर्षांनी तुमचा नंबर लागला, सिलिंडर घेऊन जा. मी म्हटलं नको तुझा सिलिंडर, दे पुढच्याला. पुढचा नंबर निघाला शोभाबाईचा. माझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत. तिने गप घ्यावा की नाही? तर म्हणे, मोठ्या बाई, देव तुमचं भलं करो, पण भुशाची शेगडी फुंकून फुंकून धूर तुमच्या डोक्यात गेला.

धूर डोळ्यात जातो. सकाळी माझ्या पापण्या चिकटलेल्या असतात, पाणी लावून उघडाव्या लागतात. सुईत दोरा माझी धाकटी पोर योगिता ओवते. त्यातून सुटायचं म्हणूनच तर हे चाललंय.

माझा भाऊ दगा गावाकडून इथे सुरतेला जुन्या गोबरगॅसची लोखंडी टाकी पाठवतोय, आणि एक म्हैस. भटू गवंडी परसात खड्डा बांधतोय. हिशोब सोपा. आमचं उष्टं-खरकटं म्हैस खाणार. तिचं शेण खड्ड्यात. खड्ड्याचा गॅस शेगडीला. त्यावर स्वयंपाक, आणि त्याचं उष्टं परत म्हशीला. बाहेरून काडी आणायची नाही. घरातलं घरातच फिरणार. चौथी शिकलेल्या बाईला कळतं ते शिकलेल्यांना का सुचलं नाही, देव जाणे.

योगिताचा बाप म्हणाला, आपल्या उष्ट्यावर म्हैस जगली तर समज आपण उपाशी आहोत. लूमवर रातपाळी करणाऱ्या माणसाचं दिवसा बोललेलं धरायचं नाही.

ठरलं. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, थोरली गायत्री माहेरी येणार, सासूला घेऊन. त्या दिवशी खापरावरची पुरणपोळी माझ्या गॅसवर. साऱ्या गल्लीला सांगून आले.

२ फेब्रुवारी, रविवार

खड्डा भरला. नुसत्या एका म्हशीच्या शेणाने भरेना, म्हणून भरवाड गवळ्याच्या गोठ्यातून हातगाडीने शेण आणलं. चार खेपा. हे बाहेरचं धरायचं नाही. हे विरजण.

९ फेब्रुवारी

म्हैस आमचं उष्टं दोन घासात संपवते आणि दोरी चावते. लाडावलेली आहे. उसाच्या रसवाल्याकडून चिपाडं आणली. तो आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, म्हणजे घरचाच.

१३ फेब्रुवारी

शोभाबाईला रोजची भाजीची सालं द्यायला सांगितली. जाऊ म्हणजे घरच.

१७ फेब्रुवारी

उधन्याच्या भाजीबाजारातून कोबीचा पाला. दोन पोती, रिक्षाने. उधना काही परदेश नाही.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी

गॅस पेटला. निळा. गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलावलं. चहा ठेवला. उकळी आली आणि ज्योत गेली, पण उकळी आली होती हे सगळ्यांनी पाहिलं. अर्धा अर्धा कप दिला. शोभाबाई म्हणे, मोठ्या बाई, एका चहाला एक म्हैस, महाग नाही पडत?

तिच्याशी आठ दिवस बोलायचं नाही. सालं योगिता आणेल.

५ मार्च, बुधवार

योगिताची नववीची परीक्षा जवळ आली. मोठमोठ्याने पाठ करत होती. गवतात जी ताकद असते ती जनावर खातं, पण त्यातला जेमतेम दहावा हिस्सा अंगी लागतो. बाकीची चालण्या-फिरण्यात जाते, अंग गरम ठेवण्यात जाते, श्वासात जाते. मी म्हटलं पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. इतके दिवस पोरीने हे मला सांगू नये?

म्हणजे चोरी कुठे होते ते कळलं. आजपासून म्हशीला आखूड बांधली, फिरायचं नाही. अंगाची ऊब जाऊ नये म्हणून गोधडी टाकली. श्वासाचं काय करावं ते सुचत नाही. निदान रेकणं तरी कमी करावं तिने.

योगिता कपाळावर हात मारून म्हणाली, माय, असं नसतं वं. कार्बन फिरतो. झाडात, जनावरात, शेणात, गॅसात, धुरात, परत झाडात. ताकद फिरत नाही. ती सूर्याकडून येते आणि उडून जाते, परत येत नाही. रोज नवी लागते.

म्हणजे फिरतं, हे बाईंनीसुद्धा शाळेत शिकवलंय. अर्धं तर मान्य झालं. आणि सूर्याचा इथे काय संबंध? गोठ्यावर पत्रा आहे.

१८ मार्च

म्हशीला धाप लागली. भटू म्हणाला, सुरतेच्या उन्हात गोधडी घातलेली म्हैस त्याने आजवर पाहिली नाही. पाहील कशी, असा विचार कोणी केलाच नव्हता. गोधडी काढायला गेले तर अर्धी तिने खाल्लेली. असू दे. गोधडी घरचीच होती.

२ एप्रिल, बुधवार

म्हैस म्हातारी आहे, हे दगाने आता सांगितलं. दात गेलेत. भटू म्हणतो, कोरडं पचत नाही, सरकी आणि भरडा शिजवून द्या, मग बघा शेण.

सरकी आणली. औषध बाहेरून आणावंच लागतं.

१० एप्रिल

शेण वाढलं. गॅसही वाढला. आता रोज सकाळी पेटतो आणि म्हशीचं पातेलं पूर्ण शिजतं. ते शिजलं की गॅस संपतो. आमचा स्वयंपाक सध्या भुशाच्या शेगडीवर, पण ही तात्पुरती सोय.

योगिताचा बाप पाळीवरून आला, उभ्याउभ्या बघत राहिला. म्हणाला, या घरात गॅसवर जेवणारी एकटी म्हैस आहे. मग झोपायला गेला. माणसाला बायकोचं कौतुक नाही.

१९ एप्रिल

भुसा महागला म्हणून थोड्या गोवऱ्या थापल्या. म्हशीच्याच शेणाच्या. म्हणजे खड्ड्याला कमी पडलं. म्हणजे गॅस कमी. म्हणजे म्हशीचं पातेलं अर्धं कच्चं. ते गोवऱ्यांवर पूर्ण केलं. म्हणजे गोवऱ्या जास्त लागल्या.

हा हिशोब आज नको. डोळे चुरचुरतात.

२७ एप्रिल, रविवार

गायत्रीच्या गावचा माणूस येऊन गेला. निरोप असा, की सासूबाई नक्की येणार, गॅसवरची खापरपोळी त्यांनी जन्मात खाल्ली नाही, चार बायकांना सांगून ठेवलंय.

म्हटलं एकदा करून बघावी. म्हशीला सकाळचं दिलं नाही, सगळा गॅस राखला. परातीएवढं खापर उलटं ठेवलं. खाली ज्योत देवाच्या निरांजनाएवढी. हातावर पोळी वाढवली, वाढवली, खापरावर टाकली. योगिताने खापराला तळवा लावला आणि लावूनच ठेवला. चटका सोडा, म्हणाली माय, गार आहे. पोळी तशीच पसरून पडली, ओल्या धडप्यासारखी. म्हशीला दिली. तिने ती एका घासात खाल्ली.

शोभाबाई भिंतीवरून बघत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

४ मे, रविवार

धुराने आज डावा डोळा दुपारपर्यंत उघडला नाही. योगिता एजन्सीत जाऊन आली. सोडलेला नंबर परत मिळत नाही. नवीन नाव लिहा म्हणे, शेवटी. शेवट कुठे आहे ते त्यांनाही माहीत नाही.

दगा म्हैस परत घेत नाही.

शोभाबाईकडे योगिताला पाठवलं. निरोप घोकून घेतला, एक शब्द इकडेतिकडे नको. तो असा. मोठ्या बाई म्हणतात, खड्डा दुरुस्तीला काढलाय. शुक्रवारी आखाजी. तुझ्या सिलिंडरवर तव्यावरच्या पोळ्या करू, खापर नको. पुरण माझं, गूळ माझा, पहिल्या चार पोळ्या तुझ्या पोरांना. गायत्रीच्या सासूसमोर शेगडी कोणाची हा विषय निघणार नाही. आणि मी मागत नाहीये, नंबर मी सोडला म्हणून तो तुला मिळाला, एवढं ध्यानात ठेव. डाळ भिजवायची की नाही ते मला ठरवायचंय. हो की नाही, बुधवारी संध्याकाळपर्यंत सांग.