पिवळ्या लेबलाची बाटली

धाकट्या,

तुझ्या बापाला चव कळत नाही, हे मी एकोणपन्नास वर्षं ओरडून सांगतेय. बर्बन व्हिस्कीवर भाषणं मात्र ठोकतात: पिवळ्या लेबलाची रोजची, मेणाच्या बुचाची खास. काल जेवणाआधी रोजच्या बाटलीतून दोन घोट घेतले आणि म्हणाले, "आज जरा कडक लागतेय."

कडक लागेल नाहीतर काय! तुझ्या पॉलिशच्या स्पिरिटचा डबा गळत होता, म्हणून परवा मीच ते पिवळ्या लेबलाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि घरी आणून फळीवर ठेवलं. सांगायचं राहून गेलं. आज बाटलीचा वास घेतला तेव्हा कळलं. थोरल्याला यातलं काही बोलू नकोस.

सकाळपासून त्यांना धूसर दिसतंय, ओकाऱ्या थांबत नाहीत. शेजारीण गाडी काढतेय, मोठ्या दवाखान्यात नेतो. तुझा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी दाराला लावून जातेय. बाटली मी घेतलीय, पण तुझ्या कारखान्याला कुलूप आहे. तिथला गळका डबा घेऊन धावत ये. त्यावर काय छापलंय ते डॉक्टरला लागेल, मला ते बारीक वाचता येत नाही. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

मेणाच्या बुचाची बाटली कपाटातून हलवू नकोस. ती आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वर्षाची आहे.

आत्ता त्यांच्या पायात चपला घालताना तोंडावर सांगितलं, "अहो, ऐका. रोजच्या बाटलीवर मरायची परवानगी नाही. खास बाटली उघडेपर्यंत थांबायचं, आणि ती कधी उघडायची ते मी ठरवणार."