अंजनाची जोडी

पारोळे, चैत्र वद्य चतुर्थी

प्रिय तोताराम,

हे पत्र मी घरात बसून लिहीत नाहीये. मारुतीच्या पारावर, लोकांकडे पाठ करून लिहितोय. कारण कळेल तुला. खरं तर तुला ते आधीच ठाऊक असणार, लबाडा, पण सगळं वाचून काढ.

संक्रांतीनंतर धुळ्याला माझं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू उशाशी होतास. डॉक्टर काय म्हणाले ते तुला आठवत असेल. आधी घरातल्या घरात चाला, मग मळ्यापर्यंत. खोकताना टाक्यांवर हात धरा. जोर, बैठका, मुद्गलांची जोडी यांचं मी सांगेपर्यंत नाव काढू नका, आणि काढाल तेव्हा अगदी हलक्यापासून सुरुवात करा. मला तेव्हाच शंका आली. पैलवानाला हलकं म्हणजे काय रे? क्लोरोफॉर्म हुंगवून यांनी माझी ताकदीची एखादी शीरच कापली असावी आणि आता ते झाकायला वेळ मागतायत, असं माझ्या मनाने घेतलं. कितीतरी दिवस मी पोट चाचपून बघत होतो.

घरी आलो तर घरचेही बदललेले. तुझी वहिनी एरवी माझ्यापुढे मोठ्याने बोलत नाही. पण मी कोपऱ्यातल्या जोडीकडे नुसतं पाहिलं की दुधाचा तांब्या आदळून म्हणायची, पोट शिवेल शे तुमनं, गोनी नई शे! आमचा मगन तर धाकटा भाऊ असून दोन वर्षं माझ्याशी सरळ बोलला नव्हता. तो पहाटे उठून माझ्या वाटणीचा आखाड्याचा हौदा खणायला लागला. दादा, तू पडून राहा, म्हणे. एवढी माया? म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. अक्षय्यतृतीयेला, आखाजीच्या कुस्त्यांच्या दंगलीत माझी जागा याला हवी आहे आणि वहिनी त्याला सामील आहे.

मग एक दिवस माझी जोडी कोपऱ्यातून गायब! वस्तादांनी मरताना माझ्या हाती दिलेली, अस्सल अंजनाच्या लाकडाची जोडी. विचारलं तर कड्या ढिल्या झाल्या म्हणून लोहाराकडे टाकलीय म्हणे. त्याच सुमारास ही मगनबरोबर मावसबहिणीला भेटायला बैलगाडीने धुळ्याला गेली. जाताना गाडीत कडबा होता आणि परत येताना तोच कडबा. बाबा रे, धुळ्याला कडबा नेतात आणि कडबाच घेऊन येतात, असं तू कधी ऐकलंयस? मी ओसरीवर बसून सगळं बघत होतो.

होळी झाल्यावर डॉक्टरांनी तपासलं. जखम चांगली भरलीय, हलकी जोडी थोडी थोडी फिरवा, दुखलं तर तिथंच थांबा, म्हणाले. आणि ज्या बाईने मला पाण्याची घागर उचलू दिली नव्हती, तिनेच लोहाराकडून आलेली जोडी माझ्यापुढे आणून ठेवली. फिरवा तुमचीच, म्हणाली. तोताराम, मला पुन्हा शंका आली. पण जोडी खांद्यावर घेतली मात्र, सगळा संशय पळाला. अरे, फिरली! अशी फिरली की वस्तादांनी बघायला हवं होतं. डॉक्टर गाढव, सगळं जग गाढव, आणि निंबा पैलवान तेवढा खरा! त्याच भरात नशिराबादच्या वना पैलवानाने आखाजीच्या कुस्तीचा नारळ पाठवला तो मी घेतला. आपल्याकडे नारळ घेतला म्हणजे शब्द दिला, आणि परत केला तर गावभर नाचक्की. त्या दिवशी ही जेवली नाही. मी म्हटलं, बघा, जळतेय मगनसाठी.

चार दिवसांपूर्वी हनुमान जयंती होती. शेंदूर लावायच्या आधी जोड्या धुवायच्या म्हणून मी सगळ्यांच्या आधी विहिरीवर गेलो आणि माझी जोडी दगडी डोणीतल्या पाण्यात टाकली. ती बुडेना! दुधीभोपळ्यासारखी पाण्यावर डुलायला लागली. अंजन दगडासारखं तळाला जातं, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला राग आला, म्हटलं आज घरात एकेकाला बघतो. जोडी बाहेर काढून निरखली. मुठीजवळची फट होती, तुझ्या डोक्यात बसता बसता राहिली तेव्हा फुटलेली कड होती, लोखंडी कड्याही माझ्याच. फक्त लाकूड हलक्या सावरीचं. इतकी हुबेहूब फट कोरणारा सुतार धुळ्यात एकच आहे, आणि तो मला उशाशी बसून विडी पाजत होता.

घरी येऊन, ही सगळं लपवते त्या दादर ज्वारीच्या कणगीत हात घातला. खाली खरी जोडी, वस्तादांची, हिच्या लुगड्यात गुंडाळलेली. हाताला लागली आणि मला पुढचं सगळं दिसलं. वनाने मला कमरेत धरून उचललं असतं तर टाके तिथंच उसवले असते. आखाजीला गावच्या लेकी झोक्यावर गात असताना माझ्या घरातून रडणं ऐकू आलं असतं. मला फार भीती वाटली, तोताराम. आजवर कुठल्या कुस्तीत वाटली नव्हती. मी धान्य होतं तसं सारखं केलं आणि काल नारळ घेऊन स्वतः नशिराबादला गेलो. लोक हसले. वना मात्र हसला नाही, पुढच्या आखाजीला ये म्हणाला.

घरात कोणालाच माहीत नाही की मला कळलंय. रोज सकाळी मी जोडी फिरवतो, मुद्दाम धापा टाकतो. ही उंबऱ्यात डाळ निवडायला बसते. डाळ निवडून झालेली असते, तरी मी जोडी खाली ठेवेपर्यंत उठत नाही. तिचा हा आनंद मला मोडायचा नाही. पण आता सावर फारच हलकी वाटते रे, आणि थोडं वजन वाढवायला डॉक्टरही हो म्हणालेत. म्हणून हे पत्र. तू आपलं तुझ्याच मनात आल्यासारखं वहिनीला कळव की आता दुसरी जोडी करायला हवी. ती पुन्हा कडबा घेऊन येईल, मी पुन्हा काही विचारणार नाही. फट तीच, कड्या त्याच. फक्त या खेपेला लाकूड असं निवड, की पाण्यात निदान अर्धं तरी बुडेल.

तुझाच, सगळं कळूनही गप्प बसलेला,
निंबा