पेनीनं आवाज दिला होता

२३ नोव्हेंबर १९९६, शनिवार. कॅरी, अमेरिका.

आज तिसरा शनिवार वॉल्टरकाकांबरोबर. (शेजारी. या गावात त्यांना काका म्हणणारं आमचंच एक घर. पुढे नुसतं वॉ.) वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. कुत्र्यांची पेटी ट्रकवर चढवायला माणूस लागतो, तो मी. बंदूक त्यांच्याकडे, थर्मास माझ्याकडे. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की मी मारणार नाही, धरणार नाही, सोलणार नाही. म्हणाले, "डॉक, तू नुसतं ऐक." माझी पीएच.डी. आहे म्हणून डॉक.

चार बीगल, शिकारी कुत्रे. ड्यूक, बेल, रस्टी आणि पेनी. सशाच्या वासावर पळतात आणि पळताना आवाज देतात. ससा म्हणे सरळ लांब जात नाही, मोठा वळसा घालून जिथून उठला तिथंच येतो. म्हणून वॉ. जागचे हलत नाहीत. उभ्या जागी आवाजावरून सांगतात, कोण पुढे आहे, ससा कुठवर आला. डोळ्यांचं काम शेवटच्या दहा सेकंदांचं, बाकी सगळं कानाचं, असं त्यांचं म्हणणं.

ड्यूकचा आवाज जड, लांब. बेलचा तुटक. रस्टीचा कसाही. पेनीचा अगदी बारीक, गाडीच्या इंजिनाचा पट्टा ढिला झाला की ओरडतो तसा.

दोन ससे. मी तिकडे पाहिलं नाही. घरी सुनंदानं बूट बाहेरच काढायला लावले.

३० नोव्हेंबर, शनि.

दंव पडलेलं. साडेनऊपर्यंत ट्रकमध्येच बसलो. वॉ. म्हणाले, दंव घट्ट असेतो वास जमिनीत कोंडलेला, वितळायला लागलं की वर येतो. फार वाळलं, वारा सुटला की संपलं. मी आयुष्यभर रसायनांत, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

रस्टीनं एका जाळीशी (करवंदीसारखी काटेरी, आत शिरलं की कपडे फाटतात) खूप आरडाओरडा केला. बाकीचे तिघे आले, हुंगलं, परत गेले. तिथं काही नव्हतं. गेल्या आठवड्यात तिथून ससा उठला होता, तेवढंच याच्या डोक्यात. वॉ. म्हणाले, हा खोटारडा निघाला. एकदा खोटं ओरडला की बाकीचे कुत्रे त्याच्याकडे लक्ष देत नाहीत, मग तो खरं ओरडला तरी नाही.

येताना ट्रकमध्ये छान वाटत होतं. पाच वर्षं झाली या देशात. आधी फोन न करता दार वाजवणारा हा एकच माणूस.

७ डिसेंबर, शनि.

पाऊस पडून गेलेला, जमीन ओली, कुत्रे खुशीत. पेनी सगळ्यांच्या पुढे. वॉ. बराच वेळ मान तिरकी करून उभे होते. मग म्हणाले, "पेनी आवाज देत नाहीये. तुला येतोय?"

येत होता. स्वच्छ. ड्यूकच्या वर, सतत.

मी म्हणालो, "नो सर."

का म्हणालो? घरी येऊन तासभर विचार करतोय. वाटलं, आपल्याला काय कळतं, त्यांना बहुतेक वेगळाच आवाज अपेक्षित असेल. वाटलं, पन्नास वर्षं कुत्रे पाळलेल्या माणसाला आपण कुठं दुरुस्त करायचं. आणि खरं सांगायचं तर एवढा विचारही नव्हता. थोरलं माणूस बोललं की मान हलते. शाळेत मास्तरांपुढे हलायची, इथं बॉसपुढे हलते, तशीच हलली.

८ डिसेंबर, रवि.

परवाच्या सहा तारखेची वंदना आज, वीकडेला कुणाला जमत नाही. पाच घरं जमली होती. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, माझा आवाज बसला. सु.नं वळून पाहिलं. खोकला आला म्हणालो. तेही खोटंच.

२१ डिसेंबर, शनि.

कुत्र्यांच्या खाण्याच्या दुकानात वॉ.ना एक जुना शिकारी भेटला. त्याला सांगत होते, पेनी मुकी झाली. तो मानायला तयार नव्हता, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या डॉकला विचार. याचे कान तरणे आहेत. यालाही ऐकू येत नाही."

मी कॅलेंडर बघत उभा राहिलो.

ट्रकमध्ये विचारलं, मुक्या कुत्र्याचं काय करतात? वॉ.नी सरळ सांगितलं. मुका कुत्रा न ओरडता पुढे पळतो, ससा बिथरतो, बाकीच्यांना फसवतो. पिल्लंही तशीच निघतात. दुसऱ्याच्या गळ्यात मारणं ही लबाडी. शिकारीचा सीझन फेब्रुवारीत संपेपर्यंत वाट बघणार, मग शेवटच्या शनिवारनंतरचा सोमवार. गोळी स्वतःच घालतात, धान्याच्या कोठाराच्या मागे. पेनीच्या मामालाही असंच केलं होतं, म्हणाले.

म्हणजे तिचा जीव माझ्या त्या दोन शब्दांवर.

४ जानेवारी १९९७, शनि.

वॉ. आमच्याकडे जेवायला. सु.नं साधं वरण-भात, भरली वांगी केली, ते दोनदा घेतलं त्यांनी. आशू (मुलगी, नऊ वर्षांची, इंग्लिशशिवाय बोलत नाही) त्यांना शाळेचं काहीतरी सांगत होती.

ते गेल्यावर सु. भांडी आवरताना म्हणाली, "अहो, त्यांना ऐकू येत नाही. आशूला चार वेळा 'व्हॉट, हनी?' म्हणाले. तुम्हाला एकदाही नाही. ओव्हनची घंटी वाजली तर मान वळली नाही. बारीक आवाज गेलेत त्यांचे."

जन्मभर कानाशी बंदूक. शार्लटला असलेला त्यांचा मुलगा फोनवर चिडतो, बाबा फोन उचलत नाहीत म्हणून. सगळं डोळ्यांसमोर होतं. प्रयोगशाळेत मी दशांशाच्या पुढची चूक पकडतो, आणि हे बायकोनं वांगी वाढता वाढता पकडलं.

सु.ला डिसेंबरचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊन सांगा." एवढंच.

११ जाने., शनि.

सांगितलं नाही. आठ तास बरोबर होतो. तोंडात मूग धरून बसलो. पेनी दिवसभर ओरडत होती. वॉ.नी तिच्याकडे पाहणं जवळजवळ बंद केलंय. पेटीत चढवताना बाकीच्यांच्या पाठीवर थाप मारतात, तिच्या नाही.

१८ जाने., शनि.

हुशारी केली. कॅसेट रेकॉर्डर नेला. वाटलं, माझ्या तोंडून नको, टेप बोलेल. चांगली वीस मिनिटं भरली. ट्रकमध्ये लावली. वॉ. डोळे मिटून ऐकत होते. "हा ड्यूक. ही बेल. हा रस्टी, गाढव." पेनी तिथं इतकी मोठ्यानं होती की मला आवाज कमी करावासा वाटला.

टेप संपली. म्हणाले, "बघ. मशीनलाही नाही मिळाली."

हात दाखवून अवलक्षण. आता साक्षीदार दोन झाले.

१ फेब्रुवारी, शनि.

सांगितलं. सकाळी, त्यांच्या अंगणात, पेटी चढवायच्या आधी. पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. "पेनी ओरडते. पहिल्या दिवसापासून ओरडते. मला ऐकू येतं. तुम्हाला येत नाही."

वॉ. पिंजऱ्याच्या कडीशी खेळत राहिले. मग: "डिसेंबरमध्ये मी तुला विचारलं होतं."

"हो."

"काय म्हणालास?"

"नो सर म्हणालो. खोटं बोललो."

"का?"

तुमचा मान राखायला, असं काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "मान? मी तिला मारणार होतो, डॉक." मग, "तेव्हा नाही म्हणालास, आता हो म्हणतोस. मी कुठलं धरू?"

म्हणालो, मारू नका, मी घेतो तिला, आमच्या घरी राहील. माझ्याकडे असं पाहिलं की शरम वाटली. असलं नाक असलेली कुत्री कार्पेटवर बसवणार, म्हणाले. पेटी एकट्यानं चढवली. दोनदा निसटली. मला हात लावू दिला नाही.

खोट्याच्या कपाळी गोटा. आई म्हणायची.

८ फेब्रु., शनि.

बोलावणं नाही. ट्रक घरावरून गेला.

१५ फेब्रु., शनि.

नाही. सु. म्हणाली, कानाच्या डॉक्टरचा नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या दाराला लावू का? मी नको म्हणालो. नंतर मीच लावून आलो. आमच्यात यावरून जरा झालं, की नको म्हणायचं होतं तर गेलात कशाला.

चिठ्ठी संध्याकाळपर्यंत दारावर तशीच होती.

२२ फेब्रु., शनि.

सीझनचा शेवटचा शनिवार. साडेसातला दार वाजलं. वॉ. टोपी हातात घेऊन उभे. "चल." पेटीत एकटी पेनी. बंदूक दिसली नाही.

हायटेन्शन तारांखाली झाडं तोडून मोकळी पट्टी ठेवलीय तिथं नेलं. उतारावरून खालचं सगळं दिसतं. मला म्हणाले, पट्टीकडे पाठ कर, डोळे मीट. ती ओरडली की हात वर. थांबली की खाली. अंदाजानं करू नकोस. त्यांनी दुर्बिणीतून तिचं तोंड उघडताना बघायचं, माझ्या हाताशी जुळतंय का ते. हे त्यांनी स्वतः शोधून काढलेलं. तीन आठवडे बहुतेक हेच चाललं होतं डोक्यात.

पेनीला सोडलं. काही वेळ नुसता वारा. मग खालून तिचा आवाज आला आणि मी हात वर केला. थांबला, खाली. परत वर. एकदा ती वास चुकली, बराच वेळ गप्प, माझा हात खाली, खांदा दुखत होता पण हलवला नाही. मग एकदम लागोपाठ, लागोपाठ, हात वरच. किती वेळ ते माहीत नाही. आयुष्यात इतक्या काळजीनं काही मोजलं नसेल. डोळ्यांतून पाणी येत होतं, थंडीनं असेल, असं लिहून ठेवतो.

"पुरे."

डोळे उघडले तर वॉ. ट्रकच्या मागच्या फळीवर बसलेले. पेनी वर आली, जीभ बाहेर, त्यांच्या पायाशी. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "हिची काही चूक नाही."

मला इतकं हलकं वाटलं की थँक यू म्हणून गेलो.

मग म्हणाले, "पण डॉक, मला ती मुकीच. मी काय ऐकू आता?"

मी कानाच्या डॉक्टरांचं काढलं. कानात घालायची मशिनं त्या दुकानात भेटलेल्या शिकाऱ्याकडे आहेत, म्हणाले, त्यात सगळंच पत्र्यासारखं वाजतं. त्यांनी ड्यूकचं नाव घेतलं, त्याचा आवाज तरी आपल्याला किती दिवस ऐकू येईल विचारलं. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत नाही असंच सांगितलं.

आमच्या दारासमोर ट्रक थांबवला, इंजिन बंद केलं. उतरू दिलं नाही. मागे पेटीत पेनी ओरडत होती.

"आता ओरडतेय?"

"हो."

"कशी?"

शब्द सापडेना. इंग्लिशमध्ये नाही, मराठीतही नाही. मग तोंडानंच काढून दाखवला. पहिला फार बारीक झाला, त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. मग आवाज खाली आणला, जाड, आणि तिच्या तालावर ओरडलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, ट्रकमध्ये, भर सकाळी अकरा वाजता. सु. खिडकीत आलेली दिसली. थांबलो नाही.

वॉ.नी डोळे मिटले होते. बोटं स्टिअरिंगवर हलत होती.

"परत."

परत केला.

विचारलं, परवा सोमवारी पेनीचं काय. यावेळी विचारलं. म्हणाले, अजून एकदा काढ, मग सांगतो.

मी काढला. त्यांनी सांगितलं नाही.